निवळीचा गाळ

मुलाच्या कमरेचा करदोडा कसा सोडवावा, हे क्ष-किरणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना आज्या नसाव्यात.

बार्शीच्या सोनुताई ढगे बाल रुग्णालयात सीटी स्कॅनचं यंत्र चालवणाऱ्या शरयू ताटे यांना मात्र रोज आज्या भेटत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या अडीच-तीन हजार आज्यांशी भांडल्या होत्या आणि एकीशीही जिंकल्या नव्हत्या. भांडण ठरलेलं. पोटाचा स्कॅन काढायचा तर कमरेला धातू चालत नाही. चांदीच्या ताईताचा एवढासा मणी असला तरी चित्रभर पांढरे पट्टे उमटतात, जणू पोरानं पोटात भुईनळा लावलाय. आणि आजीचं म्हणणं, कंबर मोकळी ठेवत नसतात.

"अहो आजी, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"व्हायचं ते पाच मिनिटांतच होतं, बाई."

शेवटी तडजोड व्हायची. आजी म्हणायची, "मणी बाजूला सरकवते की जरा. फोटोत मधोमध नको यायला." टेबलाच्या डाव्या अंगाला इंजेक्शनचं यंत्र उभं, त्यामुळे आजीला उभं राहायला जागा एकच, पोराच्या उजवीकडे. ती मणी आपल्याकडे ओढायची. तो येऊन बसायचा पोराच्या उजव्या कुशीत, खालच्या बाजूला. तीन हजार आज्या, पण मणी ठेवण्याची जागा एक. एवढं एकमत विधानसभेत कधी पाहायला मिळालेलं नाही.

मग निवळी आली.

निवळी हे यंत्राच्या पोटातल्या एका संगणकीय कार्यक्रमाचं नाव. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून टाकलं की गाळ तळाशी बसतो आणि पाणी नितळ होतं, त्यावरून कंपनीतल्या कुणा मराठी माणसानं ते ठेवलं होतं. काम तेच. सीटीत क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात आणि पलीकडे किती पोचले यावरून आतलं चित्र तयार होतं. मोठ्या माणसाला जरा जास्त किरण बसले तर फारसं बिघडत नाही, तो तसाही बिघडलेलाच असतो. पण मुलांच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात आणि त्यांच्यापुढे सत्तर-ऐंशी वर्षं पडलेली असतात. आज झालेल्या किरणांच्या जखमेला कर्करोग होऊन उगवायला भरपूर सवड असते. म्हणून मुलांना किरण कमी द्यायचे. आणि कमी दिले की चित्र खराब येतं. ओंजळभर रांगोळीत जे मोर-कमळ काढता येतं ते चिमूटभर रांगोळीत काढायला गेलं तर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. मोर कुठला आणि कमळ कुठलं, हे काढणाऱ्यालाच ठाऊक.

निवळी त्या ठिपक्यांवरून मोर ओळखायची. लाखो मुलांच्या पोटांची चित्रं तिनं पाहिली होती. यकृताची कड कशी असते, मूत्रपिंड कुठे असतं आणि किरकिर, म्हणजे चित्रातले भरकटलेले ठिपके, कशी दिसते, हे तिला पाठ होतं. किरकिर ती बाजूला काढायची आणि उरलेलं पोट आरशासारखं लख्ख करून द्यायची. पूर्वीच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या किरणांत काम व्हायचं. बाजूला काढलेली किरकिर ती फेकत नसे, तिचं वेगळं चित्र करून सहा तास ठेवत असे. कंपनीच्या पुस्तिकेत त्या चित्राचं नाव दीड ओळ लांब होतं. शरयूताईंनी त्याला गाळ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळलं. टीव्हीचा सिग्नल गेल्यावर दिसतात तशा गाळात नुसत्या मुंग्या दिसाव्यात, अशी अपेक्षा. मुंग्या बघायला वेळ कुणाला असतो? सहा तासांनी गाळ आपोआप पुसला जाई.

निवळीत आणखी एक सोय होती. प्रत्येक रुग्णालयाला तिला आपल्या गावच्या रीती शिकवता येत. शरयूताईंनी तीन महिने दुपारचा चहा झाल्यावर तासभर बसून तिला करदोडा शिकवला. जुने स्कॅन उघडायचे, मण्याभोवती गोल काढायचा आणि सांगायचं, हा ताईत आहे, पूस. हा पण ताईत, पूस. निवळी गुणी होती. शिकवणी संपल्यावर पंधरा दिवसांत ती मणी आणि त्याचे पट्टे असे पुसू लागली की करदोडा कधी बांधलाच नव्हता. त्या दिवसापासून सीटी विभागात भांडणं बंद झाली. आज्या जाताना शरयूताईंना शेंगदाण्याची पोळी देऊन जाऊ लागल्या.

हे शिकवण्याचा एक अर्ज होता आणि अर्जाच्या तळाशी एक चौकोन होता: 'क्ष-किरण तज्ज्ञांना कळवले.' शरयूताईंनी तिथे बरोबरची खूण केली. हे तज्ज्ञ, डॉक्टर तन्वीर बागवान, नुकतेच रुजू झाले होते आणि त्या दिवशी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी चहाला सांगू, असं शरयूताईंनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी चहाला समोसे होते. विषय निघाला नाही. याला दोन वर्षं झाली.

इरावती गव्हाणे ही सात वर्षांची मुलगी वैरागहून सकाळी साडेदहाला आली, ती वडिलांच्या खांद्यावरून, दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन. दोन दिवस पोट दुखत होतं. सोनोग्राफीत आतड्यातल्या वाऱ्यामुळे नीट दिसलं नाही. सर्जन डॉक्टर नलिनी कवठेकर यांनी पोट चाचपलं, कपाळाला आठी घातली आणि चिठ्ठीवर लिहिलं: अपेंडिक्स? सीटी.

"करदोडा राहू द्या, आजी," शरयूताई सवयीनं म्हणाल्या.

"हाय कुठं करदोडा?" आजीचे डोळे भरले. "परवाच्याला तुटला. नवा आणू आणू म्हणत राहिला. पोरगी मोकळ्या कमरेनं हिंडली अन् दुखणं लागलं. मी हिच्या आईला म्हणलं होतं..."

"आत्या, आता पुरे," इरावतीची आई पूनम म्हणाली. सासू-सुनेत हा विषय वैरागपासून चालू असावा.

स्कॅन चार सेकंदांत झाला. निवळीनं पोट निवळून दिलं. शेजारच्या खोलीत तन्वीरनं ते पडद्यावर खालीवर सरकवून पाहिलं आणि शरयूताईंना हाक मारली.

"मावशी, काय सुंदर आलंय! पुस्तकात छापावं असं. अपेंडिक्स थोडं जाड वाटतंय, पण आत खडा नाही, बाहेर पाणी नाही. गाठी वाढल्यात जरा, व्हायरल असणार."

'तातडीचे काही नाही,' असा अहवाल गेला. डॉक्टर कवठेकरांनी कागद पाहिला, मुलीकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. कागद अधिक स्वच्छ होता. औषधं लिहून दिली, आणि दुखलं तर लगेच परत या, असं दोनदा बजावून त्यांनी मुलीला घरी सोडलं.

शरयूताईंनी दीडला डबा उघडला. एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं सकाळच्या नोंदी तपासायच्या, ही त्यांची पद्धत. प्रत्येक स्कॅनखाली निवळी आपण काय काय केलं ते बारीक अक्षरांत लिहायची. त्या ओळी पाककृतीतल्या 'मीठ चवीनुसार'सारख्या असत, वाचायच्या नसत. गव्हाणे, इरावती. खाली लिहिलं होतं:

'बाह्य वस्तू: १ (मणी). पुसली.'

त्यांनी घास तोंडात घातला. मग चावायचा थांबवला.

पोरीला करदोडा नव्हता.

गाऊनला बटण? नाही, मुलांचे गाऊन नाडीचे असतात. कानातलं? पोटाच्या स्कॅनमध्ये कान येत नाहीत. शरयूताईंनी डबा सारला आणि गाळ उघडला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

करड्या मुंग्या. पडदाभर मुंग्या, जिकडे तिकडे सारख्याच. त्या पोटाचा एकेक आडवा काप खाली सरकवत गेल्या. त्यांची उमेदीची वर्षं अशाच चित्रांवर गेली होती. निवळीच्या आधी पोटं अशीच दिसायची आणि त्यातूनच वाचायची असायची. उजव्या कुशीत खालच्या बाजूला त्यांचा हात थांबला. मुंग्यांच्या मधे एक पांढरा ठिपका होता, साबुदाण्याएवढा. वरच्या कापात होता. खालच्या कापातही होता.

"तन्वीर! इकडे ये."

तन्वीर आला, वाकला. "मला तर नुसत्या मुंग्या दिसतात, मावशी."

"डोळे बारीक कर. चष्मा काढ. चित्राकडे बघू नको, चित्राच्या थोडं बाजूला बघ."

त्यानं चष्मा काढला. एकतीस वर्षांचा हा हुशार मुलगा निवळलेल्या चित्रांवरच शिकला होता. किरकिरीतून पोट वाचायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. पण थोड्या वेळानं त्याचे खांदे ताठ झाले.

"हा खडा आहे. अपेंडिक्समध्ये. निवळीनं खडा का पुसला?"

"तिला तो ताईत वाटला."

"पोटातला ताईत?"

"रोडक्या पोरांच्या पोटावर मणी रुतून बसतो. चिमूटभर किरणांत कातडी कुठे संपते तेच धूसर असतं. आज्या मणी नेहमी तिथेच सरकवायच्या. त्या जागेवर पांढरं दिसलं की तो आजीचा, हे ती शिकली."

"कुणी शिकवलं तिला?"

शरयूताईंनी उघडा डबा बंद केला.

"मी."

"मला माहीत नाही ते?"

"सांगायचं राहिलं."

तन्वीरनं चष्मा घातला. "मी सही करतो त्या अहवालांवर," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "फोन लावा ताटे मॅडम. मी कवठेकर मॅडमना बोलावतो."

मावशी हा शब्द दोन वर्षं दिवसातून पन्नासदा कानावर पडायचा, त्यामुळे तो कधी ऐकू आला नव्हता. आता नसलेला ऐकू आला.

फोन चौथ्यांदा वाजल्यावर पूनमनं उचलला. मागे गाडीचा आवाज होता.

"ताई, सोनुताई रुग्णालयातून बोलतेय. इरावती कशी आहे?"

"मॅडम, एकदम बरी! आत्ताच वीस मिनिटांमागं दुखायचं थांबलं. औषध लागू पडलं बघा. शांत झोपलीय मांडीवर."

दोन दिवस दुखणारं अपेंडिक्स एकाएकी दुखायचं थांबतं, तेव्हा घरचे देवाला साखर ठेवतात आणि सर्जन हातमोजे शोधतात. अपेंडिक्सचा फुगा फुटला की त्याचा ताण जातो. मग त्यातलं सगळं पोटभर पसरतं. पुन्हा दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

"गाडी वळवा," शरयूताई म्हणाल्या. "आत्ता."

"अहो, पण दुखत नाहीये आता!"

"म्हणूनच."

पलीकडे गाडीत चर्चा सुरू झाली. वडिलांचा आवाज आला, "काय लावलंय यांनी? मघाशी म्हणाले काही नाही." आजीचा आवाज आला, "पोरगी झोपलीय तर झोपू दे." पूनम म्हणाली, "मॅडम, नक्की काय झालंय ते सांगा, नाहीतर हे ऐकायचे नाहीत."

शरयूताईंनी डोळे मिटले. "आमचं चुकलंय. माझं चुकलंय. अहवाल बरोबर नव्हता. तुमची मुलगी आजारी आहे आणि ती बरी आहे असं मी तुम्हाला सांगितलं."

पूनमचा आवाज आला, फोनपासून दूर, पण स्वच्छ: "गाडी फिरवा. फिरवा म्हणते ना!"

पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात शरयूताई फाटकापर्यंत सहा वेळा जाऊन आल्या. सातव्यांदा निघाल्या तेव्हा पहारेकऱ्यानं विचारलं, "मॅडम, कोण मंत्री येणारेत का?"

मुलगी आली ती पांढरीफटक आणि शांत. डॉक्टर कवठेकरांनी पोटावर हात ठेवला आणि इतक्या हळू उचलला की तेवढ्यावरून शरयूताईंना कळायचं ते कळलं. ही मुलगी दुखलं म्हणून ओरडली नाही, नुसता श्वास धरून राहिली.

"मी उघडते," डॉक्टर कवठेकर म्हणाल्या, "पण गळती कुठवर गेली आणि खडा कुठे पडलाय, ते मला दिसलं पाहिजे. तुमच्या मुंग्यांवर मी सुरी चालवणार नाही. पूर्ण किरणांचा स्कॅन द्या. निवळी बंद करून."

पूर्ण किरण म्हणजे सकाळच्या वीसपट. लहान मुलांना दुसऱ्यांदा टेबलावर घेणार नाही, हे शरयूताईंचं व्रत होतं आणि त्या ते नव्या तंत्रज्ञांना भाषणासारखं ऐकवत असत. त्यांनी स्वतःच्या हातानं किरणांचा आकडा वाढवला. पडद्यानं तीन वेळा विचारलं, रुग्ण बालक आहे, खात्री आहे का? त्यांनी तीन वेळा होय म्हटलं.

"परत स्कॅन?" दाराशी पूनमनं विचारलं. "सकाळचा नीट आला नव्हता का?"

"फार चांगला आला होता," शरयूताई म्हणाल्या.

पुढचं सांगायला सोपं आणि वाट पाहायला लांब. सव्वा तास शस्त्रक्रिया चालली. बाहेरच्या बाकावर आजीनं शरयूताईंना शेजारी बसवून घेतलं.

"मी म्हणत होते का नाही, बाई? करदोडा नव्हता म्हणून झालं हे सगळं."

सुनेनं मान फिरवली. शरयूताईंनी मात्र आजीचं ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. करदोडा नव्हता म्हणून. बरोबर होतं आजीचं, पण भलत्याच बाजूनं. आज इरावतीच्या कमरेला करदोडा असता तर 'मणी पुसला' या ओळीत त्यांना काही वावगं वाटलं नसतं. त्यांनी दुसरा घास घेतला असता. मुलगी गाडीत झोपून राहिली असती.

आणि बाकीच्या सगळ्या पोरांना तर करदोडा होताच.

डॉक्टर कवठेकर बाहेर आल्या. "फुटलं होतं. पण थोडं, आणि आत्ताच. धुऊन घेतलंय सगळं. आठ-दहा दिवस ठेवावं लागेल इथे, पण पोरगी घरी जाईल." मग शरयूताईंकडे वळून त्यांनी एक छोटी बाटली पुढे केली. तळाशी पिवळट खडा होता. "हा घ्या तुमचा ताईत."

हे थट्टेत म्हटलं होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पूनम तिथेच खाली बसून रडू लागली आणि सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. शरयूताईंना दोघींच्या मधून वाट काढून निघावं लागलं.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत यादी तयार झाली. करदोडा शिकवल्यापासून निवळीनं तीनशे सोळा पोटं निवळली होती. त्यांतल्या दोनशे एक्काहत्तर स्कॅनखाली ती ओळ होती: मणी, पुसली. दोनशे एक्काहत्तर मणी. त्यांतले चांदीचे किती आणि मूत्रपिंडातले, आतड्यातले, अपेंडिक्समधले किती, हे सांगू शकेल अशी एकच जागा होती, आणि तिथला गाळ दर सहा तासांनी धुतला गेला होता. कंपनीनं फोनवर दिलगिरी व्यक्त केली आणि पुस्तिकेतलं पान वाचून दाखवलं. पानावर 'तज्ज्ञांना कळवल्याची खात्री करावी' असं लिहिलेलं होतं.

तन्वीर दारात उभा राहिला. हातात दुसरी खुर्ची होती.

"अर्ध्या सह्या माझ्या आहेत," तो म्हणाला. खरं तर सगळ्याच त्याच्या होत्या. "अर्धे नंबर मला द्या."

त्यांनी कागद फाडला आणि खालचा अर्धा त्याला दिला. तो समोर बसला. त्यानं कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

पहिलं नाव पांगरीचं होतं. स्कॅन दोन वर्षांपूर्वीचा, तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. फोन आजीनं उचलला.

"नमस्कार आजी. बार्शीच्या मुलांच्या दवाखान्यातून बोलतेय. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस घाबरतो, हे एकतीस वर्षं ठाऊक असूनही त्या तेच म्हणाल्या.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचा नातू कसा आहे, एवढंच विचारायचं होतं. खातो-पितो ना नीट?"

"खातोय की रेड्यागत."

"पोटात दुखतं का त्याच्या? अधूनमधून?"

"दुखतं की."

शरयूताईंचं पेन कागदावर टेकून राहिलं. समोर तन्वीरनं आपला फोन कानापासून खाली घेतला.

"कधी दुखतं, आजी?"

"रोज साडेदहाला. शाळेची गाडी आली का दुखतं अन् गाडी गेली का थांबतं." पलीकडे आजी खळखळून हसली. "सोंग हो बाई, नुसतं सोंग. तुम्ही नका काळजी करू."

शरयूताईंनी हसण्याचा प्रयत्न केला. नावापुढे 'ठीक' लिहायला त्यांनी पेन उचललं आणि ते हवेतच थांबलं. एकाएकी दुखायचं थांबतं, असं आज दुपारीही कुणीतरी आनंदानं सांगितलं होतं.

"उद्या घेऊन या त्याला," त्या म्हणाल्या. "साडेदहालाच आणा."